आपली तक्रार मिळाली आहे

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात ते मेलसारखे येऊन पडतात. आज नको, उद्या बघू म्हणून ठेवले की त्यांचा ढीग होतो. मग एखाद्या दुपारी ऑफिसात चिटपाखरू नसलं की एकेक वर येतो, आणि सांगायला समोर कोणी नसतं. म्हणून लिहून ठेवते.

ऑफिस म्हणजे उलव्यातल्या आमच्या बिल्डिंगची तळमजल्यावरची खोली. मी टेबलापाशी, माझी चार वर्षांची ओवी टेबलाखाली, अशी आमची दोघींची नोकरी. तिला सांभाळायला घरी कोणी नाही. आमचे हे जहाजावर कुक आहेत. नोकरी दिली सेक्रेटरी म्हात्रे काकांनी. बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्याच घरची. मी आधीच सांगितलं, काका, माझी सातवी झालीय फक्त. काका म्हणाले, "मेल वाचता येतो ना? मंग झाला."

*

काकांची स्वतःची पद्धत सोपी होती. वाचला की उडवायचा. "घरान पसारा ठेवतो का आपन?" असं म्हणायचे.

एकदा दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आले. "काका, छत गळतंय म्हणून मेल केला होता, मिळाला का?"

"वाचला ना."

"मग?"

"मंग उडवला."

त्या दिवशी खजिनदार नाईक मॅडमनी मेलचं काम हातात घेतलं. मॅडम बँकेत आहेत, पसारा त्यांना खपत नाही. त्यांनी मेलला वेगवेगळ्या खोल्या करून दिल्या: पाणी, लिफ्ट, पार्किंग. आणि सगळ्यांच्या वर दोन मोठ्या खोल्या, 'झालं' आणि 'बाकी'. महिन्याच्या पहिल्या रविवारी कमिटी बसते. मी 'बाकी'ची खोली टीव्हीवर उघडते, काका एकेक तक्रार वाचतात आणि मी सांगते, झालं की बाकी. ओवीला हे सगळं पाठ आहे. घरी बाहुल्या मांडून ती मीटिंग घेते.

एक नियम मात्र काकांचा. एकदा प्लंबरनेच 'झालं' म्हणून सांगितलं, आणि वर बघतो तर छत ठिबकतंय. तेव्हापासून ज्याची तक्रार, त्यानेच झालं म्हणायचं. तोपर्यंत ती 'बाकी'तून हलत नाही.

*

मॅडमनी मला शिकवलं, एक शब्द धरून ठेवायचा. तो ज्या मेलमध्ये असेल तो मेल आपोआप आपल्या खोलीत जातो. मी पहिला शब्द धरला 'अर्जंट'.

आठवड्याभरात सगळी बिल्डिंग त्या खोलीत राहायला आली. कोणाचा पेपर भिजला, अर्जंट. कोणाच्या डोक्यावर सकाळी मिक्सर चालतो, अर्जंट. एका बाईंनी लिहिलं, 'अर्जंट नाही, पण सवडीने बघा.' त्याही तिथेच.

मग एकदा लिफ्ट अडकली. आतल्या माणसाला दार वाजवून वाजवून लोकांनी बाहेर काढलं. मी मेल बघितला दुसऱ्या दिवशी. त्याने आतून पाठवला होता, 'मी लिफ्टमध्ये आहे.' अर्जंट लिहिलं नव्हतं बिचाऱ्याने.

*

मॅडमनी आणखी एक सोय केली. कोणाचाही मेल आला की उत्तर आपोआप जातं: 'आपली तक्रार मिळाली आहे. लवकरच कार्यवाही केली जाईल.'

तळमजल्याचे मुकादम चाचा रिटायर्ड, मुलं बाहेरगावी. त्यांचा मेल रोज. कबुतरं, जिन्यातला बल्ब, गेटचा आवाज. एके दिवशी ते स्वतःच फोन घेऊन ऑफिसात आले.

"बेटी, मी लिहिलं की आज काही तक्रार नाही. तर म्हणतात तक्रार मिळाली!"

मी म्हटलं, "चाचा, ते मशीन बोलतं."

"बोलतं तरी कोणीतरी," असं म्हणून हसले आणि बसले.

ते गेल्यावर मी शोधायच्या पट्टीत त्यांचं नाव टाकलं. सगळे मेल एकाखाली एक आले. सगळे दुपारी जेवणानंतरचे. माझीही तीच वेळ वाईट असते. मी आपोआप जाणारं उत्तर सोडून पहिल्यांदा हाताने उत्तर लिहिलं, 'चाचा, उद्या चहाला या.' ते आता रोज येतात. कबुतरांची तक्रार तोंडी करतात.

*

आता आमच्या घरचा, म्हणजे चौथ्या मजल्यावरचा किस्सा.

ह्यांचं जहाज जुनं. फोन लागतो तो बंदरात. समुद्रात असले की मेल, तोही जहाजाच्या एकाच पत्त्यावरून. माझा स्वतःचा मेल नव्हता. काका म्हणाले, "दे आपल्या ऑफिसचा. कोन इचारतो?" त्यामुळे ह्यांचा मेल येतो तो पाणी आणि पार्किंगच्या मधोमध. मला सारखी धास्ती. वाऱ्याची बातमी ऐकली की आधी मेल उघडायचा. नाही दिसला की पुन्हा पुन्हा उघडायचा.

पहिलाच मेल आला: 'भेंडी खारट झाली. कोणी काही बोललं नाही. ओवीची आठवण येते. तुझीपण.'

मी बघायच्या आत उत्तर गेलं. आपली तक्रार मिळाली आहे. लवकरच कार्यवाही केली जाईल.

ह्यांनी लगेच विचारलं, 'कार्यवाही कधी?'

काकांनी हे सगळं प्लंबरसमोर मोठ्याने वाचलं आणि उचलून 'बाकी'त टाकलं. रविवारी टीव्हीवर आलं. काकांनी वाचलं, "चौथा मजला. आठवन येते." कमिटी पोट धरून हसली. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"काका, काढा ना ते."

"नियम हाय, बाय. ज्याची तक्रार त्यानंच झालं म्हनायचं. त्याला यवू दे, हितं उभा ऱ्हावून म्हनू दे. तवर बाकी."

तेव्हापासून दर महिन्याला पाणी, लिफ्ट आणि चौथा मजला.

*

मी मॅडमना म्हटलं, ह्यांच्या मेलला वेगळी खोली करून द्या, कोणाला दिसायला नको. आलेल्या मेलचं काय काय करायचं ते विचारणारी चौकटींची पाटी मॅडमनी उघडून दिली आणि इतक्यात त्यांना फोन आला. मी म्हटलं, मी करते पुढचं. सगळ्या चौकटीत बरोबरची खूण केली.

त्यानंतर मेल यायचाच बंद झाला. पाणी आलं, पार्किंग आलं, ह्यांचं काही नाही. शोधून बघितलं, नाही. जहाजाचं काही झालं का, हे आजारी पडले का, नाही नाही ते मनात यायचं. ओवीला जवळ घेऊन नुसती बसायचे. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "मनीषा, चेहरा का असा झालाय?"

त्यांनी कचऱ्याची पेटी उघडली. सगळे मेल तिथे. एका चौकटीत 'आल्या आल्या टाकून द्या' असं होतं, त्यातही माझी खूण होती.

"अगं, सगळीकडे कशाला खूण केलीस?"

"बरोबरची खूण चांगली असते ना, मॅडम. शाळेत तर हवीहवीशी वाटायची."

मॅडम हसल्या नाहीत. स्क्रीन माझ्याकडे वळवून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. शेवटच्या मेलमध्ये एवढंच होतं, 'रागावलीस का?'

*

गणपतीला हे येणार होते. काका सगळ्यांना सांगत सुटले, "अवंदा चौथा मजला क्लिअर." मुकादम चाचांनी ओवीसाठी मोठा फुगा आणून ठेवला.

मीटिंगच्या आदल्या दिवशी मेल आला. बदली कुक मिळाला नाही, कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मी तो वाचला, मॅडमनी नंतर नीट करून दिलेल्या ह्यांच्या खोलीत ठेवला आणि पार्किंगचे मेल लावत बसले. कोणाला बोलले नाही.

रविवारी टीव्हीवर 'बाकी' उघडली. पाणी झालं. गेट झालं. पुढची ओळ यायच्या आत मी पटकन खाली सरकवलं.

"थांब. वरती घे," काका म्हणाले.

मी वर घेतलं.

"चौथा मजला. आठवन येते." काकांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. सगळे हसायच्या तयारीत. सांगायचं माझं काम होतं.

टेबलाखालून ओवी म्हणाली, "बाकी."

कोणी हसलं नाही. काकांनी चष्मा परत लावला.

"फुडची. लिफ्टचा पंखा."