शुक्रवारची थाप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शेवटच्या आजारपणात आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही अनोळखी आहात म्हणूनच बहुतेक — ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते.

मी इंटिरियरची कामं करते. भिवंडीतल्या एका मानसोपचार केंद्राच्या खोल्या मी नव्याने करून दिल्या. त्या बघायला लोक येतात. भिंतींचे कोपरे गोल, डोळ्यांवर न येणारा उजेड, न आपटणारी दारं. आणि शांतता — तिचं तर सगळे तोंड भरून कौतुक करतात. बाहेर गल्लीत कापड विणणारे लूम धडधडत असतात आणि आत टाचणी पडली तरी ऐकू येईल. कौतुक चाललं की मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, बाई विनयशील आहे.

माझं माहेर भिवंडीतच, कामतघरला, चाळीत. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. खट-खट, खट-खट — दोन्ही शिफ्टला तेच. पाहुणे कानात बोटं घालायचे. आम्हाला तो आवाज कधी ऐकूच आला नाही. ऐकू यायची ती शुक्रवारची शांतता. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या रात्री मला काही केल्या झोप यायची नाही, मी रडायचे. मग ताई मला कुशीत घेऊन पाठीवर थापटायची — अंगाईच्या ठेक्यात नाही, लूमच्या ठेक्यात. त्याच कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायची, ठेका तिच्या बोटांतच मुरलेला. 'झोप बारके, लूम चालू हाय,' म्हणायची. आणि मी झोपायचे. अजून पाठीला तो हात हवासा वाटतो. हसू नका — माझी मुलगी कॉलेजात आहे आणि मला पाठीवर थाप हवी असते.

ताई आजारी पडली ती माझं लग्न ठरत असताना. भिंतीशी बोलू लागली, आमटीत विष आहे म्हणू लागली. माझ्या सासरी आम्ही काय सांगितलं? मोठी बहीण लहानपणीच गेली. वाक्य आईचं होतं, पण मान मी हलवली होती. पुढे बाबांनी ताईला त्या केंद्रात ठेवलं, आणि बाबांनंतर चुलतभाऊ तिचं बघू लागला. मी ठाण्याला संसार थाटला, आडनाव बदललं. तिला भेटायला कधी गेले नाही.

केंद्राचं काम निघाल्याचं कळलं तेव्हा मी ते मागून घेतलं. ताईला चांगली खोली मिळावी, एवढंच मनात होतं. एवढंच? — बघा, इथेही मी स्वतःला चांगली ठरवायला बघतेय. तोंड न उघडता सगळं फिटेल असं वाटलं होतं मला.

तिथल्या डॉक्टर मॅडम फार मायाळू. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, खोल्या कशा हव्यात ते इथे राहणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारायला हवं. मग मलाच विचारलं, 'या लूमच्या आवाजाचा त्यांना त्रास होत असेल का हो?' मला उत्तर ठाऊक होतं. तिथली कितीतरी माणसं त्याच आवाजात लहानाची मोठी झालेली. पण सांगितलं असतं तर 'तुम्हाला कसं माहीत?' हे आलंच असतं. मी म्हणाले, 'मी ठाण्याची. पण शांतताच बरी.' आणि गल्लीकडच्या खिडक्या काढून तिथे दुहेरी काचा बसवल्या, कधीच न उघडणाऱ्या.

काचा बसत होत्या त्या दिवशी ताई दारात येऊन उभी राहिली. केस पांढरे, अंगावर मापापेक्षा मोठा गाऊन. 'बारके?' म्हणाली. डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी म्हणाले, 'मला दुसरंच कुणी समजतायत.'

ताईने मला नीट न्याहाळलं. मग मॅडमना म्हणाली, 'हां, माजीच चूक झाली. माजी बारकी लय बारीक हाय, हिच्याएवढी न्हाय.'

सांभाळून घेतलं तिने मला. वेडी ठरलेल्या बाईने. मला कळलं तेव्हाच, आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

नव्या खोलीत ताईची झोप उडाली. मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, खोलीत त्यांना काही खुपतंय का? अंथरुणावर पडून सारख्या भिंतीवर थापटत असतात, एकाच ठेक्यात. तो ठेका माझ्या पाठीला पाठ आहे. ताई स्वतःसाठी लूम चालू करत होती. जगात हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते माणूस म्हणालं, 'काही कल्पना नाही.' मग ताईच्या गोळ्या वाढवल्या. थापटणं थांबलं.

मागच्या महिन्यात मी एकटीच तिथे गेले. खोलीत आम्ही दोघीच होतो. तिच्या शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला. गोळ्यांनी जड झालेला, पण हात तोच. म्हणाले, 'ताई, मी बारकी.'

तिने आधी दाराकडे पाहिलं. कुणी नाही बघून माझ्या कानाशी वाकली. 'असं बोलू नको,' म्हणाली. 'कोन ऐकंल ना.' मग हात सोडवून सरळ बसली आणि मोठ्याने म्हणाली, 'खोली बरी हाय, मॅडम.'

त्या खोलीतून बाहेर काही ऐकू जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, 'बरं.'