मांडवाच्या पुढे तीन किलोमीटर

आमच्या सासुरवाडीत आजवर अकरा जावई झाले. नवरदेवाला मांडवाच्या पुढे तीन किलोमीटर नेऊन ठेवणारा मी एकटाच.

दोष माझा नाही, कॅमशाफ्टचा. (हे वाक्य मी बायकोसमोर म्हणत नाही.)

तेव्हा मी वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो आणि एका जुन्या जहागीरदाराच्या वारसांकडून घेतलेली लाल, दोन सीटांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार बाळगून होतो. गाडी देखणी, पण पळायला आळशी. तिला पळवायचं तर कॅमशाफ्ट बदलायचा. म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे हे ठरवणारा, उंचवटे असलेला दांडा. नवे नमुने दोन, एक मध्यम आणि एक थेट रेसचा. दोन्हींची माहितीपत्रकं मी सहा महिने उशाशी घेऊन झोपलो.

"मला बघायला आलात तवा पोहे संपायच्या आत व्हय म्हणालात," सुनंदा म्हणाली. "आन् ह्या दांड्याला सहा महिनं?"

"अगं, आयुष्यभराचा प्रश्न आहे!"

हे बोलायला नको होतं. पुढचे दोन दिवस वरणात मीठ नव्हतं.

शेवटी गाडी रोशन गेटजवळच्या सलीम उस्तादांच्या गॅरेजात नेली.

"साब, चलाना किधर?"

"रविवारी मेव्हण्याचं लग्न आहे, पिशोरला. नवरदेव यातच मिरवणार!"

"फिर पुराना कॅमच रहने दो. रेस का कॅम भागने कू बना. धीमे चलाए तो बंद पडता."

"उस्ताद, मी वाळूजला इंजिनं बनवतो!" (मी इंजिनाच्या झाकणाचे बोल्ट तपासत असे.)

"हौ साब," उस्ताद म्हणाले आणि रेसचा कॅम बसवला.

इकडे सासऱ्यांनी पिशोरच्याच कचरूचं घोडं ठरवलं होतं. ते मी परस्पर रद्द करून आलो. "कचरूभाऊ, जमाना बदलला!" असंही त्याला ऐकवलं.

"जावईबापू, घोडं बंद पडत नाय," सासरे म्हणाले.

"मामा, माझ्यावर सोडा!"

"सोडलं. पर मुहूर्त चुकाया नको. पोरीकडची मान्सं लई कडक हायेत."

रविवारी मारुतीच्या देवळापासून परण्या, म्हणजे नवरदेवाची मांडवाकडची मिरवणूक, निघाला. पुढे बँड, मधे नाचणारी पोरं, मागे गाडीत फेटा बांधलेला नवरदेव महेश आणि स्टिअरिंगवर मी. आता परण्याचा वेग बँड ठरवतो, बँडचा वेग नाचणारे ठरवतात, आणि त्या दिवशी नाचणाऱ्यांत सासऱ्यांच्या थोरल्या बहीण होत्या, दोन्ही गुडघे दुखणाऱ्या!

मी पाय काढला की इंजिन बंद. पाय दाबला की अशी डरकाळी की सनईवाला सूर सोडून मागे बघे. पुन्हा चालू करताना मागून धाडकन् आवाज निघे. पोरांना वाटे फटाके! ती आणखी जोरात नाचत, परण्या आणखी हळू होई आणि इंजिन पुन्हा बंद.

"दाजी, मुहूर्ताला ईस मिनटं राह्यली!" महेश फेट्याखालून ओरडला.

मला एकदम सुचलं. ही गाडी पळायला बनली आहे ना? मग पळवू! गावाबाहेरच्या रस्त्यानं जाऊन नवरदेव थेट मांडवात उतरवायचा.

"धर घट्ट!"

आणि काय सांगू! इंजिन गायला लागलं! माहितीपत्रकातलं अक्षर न् अक्षर खरं निघालं. लग्न कुणाचं, आपण कोण, सगळं मी विसरलो.

"दाजी, मांडव आला! दाजी! मांडव गेला!"

"हळू केली तर बंद पडेल! पुढून वळवून आणतो!"

पण वळायला हळू करावंच लागतं, हे माहितीपत्रकात नव्हतं. तीन किलोमीटरवर, मेंढरांच्या कळपासमोर, गाडीनं मान टाकली. बॅटरीही संपली. मेंढपाळानं फेट्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"नवरदेव, पळून चाललाव का कुनी पळवून नेतंय?"

महेश रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो बाशिंग सरळ करत एवढंच म्हणाला, "दाजी, तिला वाटंल, मी पळालो." मला खरोखर रडू आलं.

तेवढ्यात टापा वाजल्या. कचरू! सासऱ्यांनी पिटाळला होता. त्यानं महेशला वर घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पाव्हणं, नवा जमाना मेंढरात बसलाय जनू. म्हून जुनाच घिऊन आलो."

घोडं अक्षतांच्या आधी जेमतेम पोचलं. मी चालत गेलो तेव्हा तिसरी पंगत उठत होती. सासऱ्यांनी स्वतः माझ्या पानात बुंदी वाढली. "चालत आलात व्हय? बरं केलं. तब्येतीला चांगलं असतंय." शेजारी सुनंदा पदर तोंडात धरून हसत होती.

सोमवारी ट्रॅक्टरला बांधून गाडी उस्तादांकडे नेली. जुना कॅम फळीवर पुसून, तेल लावून तयार होता. गेल्या आठवड्यापासून, असं त्यांचा पोऱ्या नंतर म्हणाला.

"साब, दूल्हा टैम पे पहुँचा?"

"पहुँचा, उस्ताद," मी म्हणालो. "दूल्हे का जीजा रह गया."