जर्मनच्या चार ताटल्या

ॲल्युमिनियमला आमच्या घरात जर्मन म्हणतात. का म्हणतात ते मला माहीत नाही. माझी आई म्हणायची, म्हणून मी म्हणते. ग्वाल्हेरात बाकी सगळे सिल्वर म्हणतात, तेही खोटंच.

आमच्याकडे जर्मनच्या चार ताटल्या आहेत. नवरा कामाला होता ती आमच्या हजीऱ्यातली मिल बंद पडली तेव्हा पितळी ताटं भांडीवाल्याला दिली आणि त्याच्याकडूनच या आणल्या. आम्ही चौघं त्यांत जेवायचो. जयेंद्रगंजातली माझी नणंद यायची म्हटलं की ताटल्या माळ्यावर जायच्या आणि शेजारणीची स्टीलची ताटं यायची. आमची कल्हईला दिलीत, असं मी सांगायची. एकदा ती म्हणाली, "वहिनी, तुमची भांडी कायम कल्हईलाच असतात." मी तिला आणखी एक पोळी वाढली.

मुलगा कमावता झाल्यावर घरात स्टील आलं आणि त्या ताटल्या माळ्यावरच राहिल्या. नात अकरावीत गेली आणि तिने त्या खाली काढल्या. तिला विज्ञान प्रदर्शनासाठी बॅटरी बनवायची होती. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ताटलीवर पसरायचं, त्यावर कुटलेला कोळसा, कोळशात स्टीलचा चमचा. अशा चारही ताटल्या तारांनी एकीला एक जोडल्या की एक बारीक लाल दिवा लागायचा. ताटली झिजते आणि त्या झिजण्यातून वीज येते, असं ती सांगायची. मी म्हटलं, जर्मनमध्ये खारट ठेवलं की भोकं पडतात हे आम्हाला ठाऊक आहे. "बस, वही तो, आजी," ती म्हणाली. मातीतून ॲल्युमिनियम काढायला भरमसाट वीज लागते. ती त्यात राहते, आपण ती परत काढून घेतो. पुढे गाड्यासुद्धा यावर चालतील, पत्रा संपला की नवा घालायचा. मी म्हटलं, म्हणजे इतकी वर्षं माळ्यावर वीज पडून होती आणि आम्ही खाली मेणबत्ती शोधत होतो. ती खूप हसली.

प्रदर्शन सिटी सेंटरच्या एका हॉलमध्ये होतं. जिंकणाऱ्याला भोपाळला पाठवणार होते. नातीला भोपाळला जायचंच होतं, महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. मुलगा आणि सून कामावर, म्हणून टेबलाशी बसायला मी गेले. "तू बस बैठी रह, आजी, बोलायचं काम माझं," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावर चकचकीत यंत्र होतं, त्या मुलाची आई चांगल्या साडीत होती. तिने आमच्या ताटल्यांकडे पाहिलं आणि दुसऱ्या बाईला हळूच विचारलं, कबाड़ातून आणल्या का या. मला ऐकू आलं. माझे कान अजून चांगले आहेत.

नात मिठाचं पाणी करायला गेली आणि तेवढ्यात परीक्षक आले. वाकून ताटल्या बघितल्या. मला म्हणाले, "अम्माजी, ये थालियाँ घर की हैं?"

शेजारची बाई बघत होती. मी म्हटलं, "जर्मन की हैं।"

"जर्मनी से मँगवाई हैं?"

इथपर्यंत चूक शब्दाची होती. त्यांनी काय विचारलं ते मला नीट कळलं होतं. मी शेजारच्या बाईकडे पाहिलं आणि म्हटलं, "हाँ।"

त्यांनी टेबलावरचा बोर्ड पुन्हा वाचला आणि पुढच्या टेबलाकडे गेले. थोड्या वेळाने त्यांनी नातीला बाजूला बोलावलं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. बोर्डावर खोटं लिहिलंय म्हणून तिला स्पर्धेतून काढत होते. मी बोर्ड वाचला नव्हता. तो पुढे तोंड करून होता आणि मी मागे बसले होते. उठून पुढे गेले. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मेरी दादी की थालियाँ, जिनमें हमारे घर ने बरसों खाना खाया।

मी जे लपवत आले ते तिने हॉलभर दिसेल असं लिहून ठेवलं होतं.

ती मला परीक्षकांकडे घेऊन गेली. मी सांगितलं, आमच्या मराठीत ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, ताटल्या आमच्याच आहेत. ते म्हणाले, पण मी जर्मनी विचारलं होतं, तुम्ही हो म्हणालात. लाज वाटली म्हणून मी हो म्हटलं, एवढंच सांगायचं होतं. ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "मुझे हिंदी नहीं आती।"

ते हसले. कोई बात नहीं, अम्माजी, म्हणाले आणि नातीला परत घेतलं. ती जमिनीकडे बघत होती.

घरी येताना रिक्षावाल्याने भलताच रस्ता धरला. मी सवयीने ओरडले, "भैया, किधर घुमा रहे हो, हम यहीं के हैं, हमें मत सिखाओ, किले के नीचे से निकालो।" तो निमूट वळला. नात बाहेर बघत म्हणाली, "हिंदी तर मस्त येते तुला."

मी हजीऱ्यापर्यंत भाड्याचे सुटे पैसे मोजत राहिले.

तिची निवड झाली. भोपाळला कोणाला नेणार असं मी विचारलं, तर म्हणाली, आई रजा घेणार आहे. ताटल्या तिने स्वतःच जुन्या चादरीत बांधल्या.

नणंदेचा फोन आला, नातीचं कौतुक करायला. ती आता फार थकली आहे. कशाची बॅटरी, असं तिने विचारलं. म्हटलं, निदान एकीला तरी सांगू. मी म्हणाले, "वन्सं, जर्मनच्या ताटल्यांची. तुम्ही यायच्या तेव्हा मी त्या माळ्यावर टाकायची. कल्हईचं खोटं होतं."

"माहीत होतं," ती म्हणाली. "स्टीलच्या ताटांवर तुमच्या शेजारणीचं नाव कोरलेलं असायचं. भात संपला की दिसायचं."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मी फोन नातीकडे दिला.