मनोऱ्यावरची अर्धी धून

पोलंडमध्ये, क्राकूवच्या जुन्या चौकात आम्ही दोघं उन्हात कॉफी पीत बसलो होतो. चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजू लागली आणि ऐन सुरात तुटली. हिचा कप हातातच राहिला. "अहो, काय झालं त्याला?"

शेजारच्या टेबलावरच्या आजींनी समजावलं. शेकडो वर्षांपूर्वी तुतारी फुंकून शत्रू आल्याची वर्दी देताना पहारेकऱ्याला याच सुरावर बाण लागला म्हणे. म्हणून धून दर तासाला इथेच थांबते. आपल्याला आरतीसुद्धा मध्येच सोडवत नाही, आणि या गावाने एक अर्धा सूर पिढ्यान्‌पिढ्या जपलाय.

मग आजींनी वर बघून हात हलवला. मनोऱ्याच्या खिडकीतून तुतारीवाल्यानेही हात हलवला. हिनेही हलवला.

"बरा आहे हो," ही म्हणाली आणि निवांतपणे उरलेली कॉफी प्यायली.