चार पिढ्यांचा फोटो आणि आत्याची चूल

पुण्याहून नागपूरला जायचं ठरलं ते कुसुमआत्याच्या फोनमुळे. "दादाले घेऊन ये गा. आता आम्ही दोघंच राहिलो." दादा म्हणजे माझे बाबा. वय एक्याऐंशी, चाकांच्या खुर्चीत. बहिणीशेजारी बसून एक फोटो काढायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

कुटुंबमेळावा बुटीबोरीच्या अलीकडे, एका लॉनवर. स्टेशनवरून कॅबने तासभर. कॅबवाले परतीचंही भाडं मागतात. आधी ठरवून घ्या. रस्ता चांगला. लॉनवर मात्र चाकांच्या खुर्चीसाठी उतार नाही. तीन पायऱ्या बाबांना उचलून चढवलं.

आत्या मंडपामागे चुलीपाशी उभी होती. उलट्या मडक्यावर लांब पोळ्या टाकत होती. हे पीठ इतकं सैल की हातांवर झेलत, कोपरापर्यंत लांबवत मडक्यावर पसरावं लागतं. बाकी स्वयंपाकाला केटरर होता. पोळ्या शहात्तर वर्षांच्या आत्याकडे.

"तिच्यासारखी पोळी कोणाले जमते?" चुलतभाऊ नितीन मला म्हणाला. मेळावा त्यानेच आखला होता. "मान आहे तिचा."

"मान असंल तर खुर्ची दे नं," आत्या म्हणाली. "सकाळपासून उभी हाय."

नितीन हसला. खुर्ची आली नाही. मी तिथेच चार पोळ्या खाल्ल्या.

साडेबाराला ड्रोनने चार पिढ्यांचा फोटो. बाबांनी शेजारची खुर्ची हाताने धरून ठेवली होती. "कुसुम?"

"येऊन राहिली, काका." असं म्हणून नितीनने ड्रोनवाल्याला खूण केली.

मी चुलीकडे धावलो. आत्याच्या दोन्ही हातांवर पोळी लोंबत होती. "एवढी टाकून येते." आम्ही पोचलो तेव्हा ड्रोन पेटीत गेला होता.

"पुन्हा काढ," मी नितीनला म्हणालो.

"लोकं भुकेले आहेत. आत्याचा काय, घरीही काढता येते."

मी फोन काढला. आत्याने तोंडावर पदर धरला. "आता नको गा. पिठानं भरली. नवं लुगडं नेसली होती, फोटोसाठीच." बाबांचा हात अजून त्या खुर्चीवर होता.

पुण्यात परतलो तोवर ग्रुपवर फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, 'संपूर्ण परिवार'. त्यात मीही नाही. त्याचं काही नाही. बाबा रोज तो बोटांनी मोठा करून पाहतात. वरच्या कोपऱ्यात मंडपामागून थोडा धूर दिसतो.

मी ग्रुपवर लिहिलं, परिवार संपूर्ण नाही. अकरा जणांनी जोडलेले हात पाठवले. नितीनने फुलं.

असा मेळावा ठरवत असाल तर लॉन कुठलंही घ्या. आधी चूल विझवा, मग फोटो काढा.