शेवटी कोरलेला डोळा

“बाजूला सरा, साहेब. आता मूर्त बघंल.”

ठशावर डोळा कोरायची वेळ आली की मिस्त्री असे म्हणत आणि स्वतःही ठशासमोरून तिरके होत. ते हुपरीच्या चांदीकामातून आलेले. शारजातील आमच्या पदकांच्या कारखान्यात ते हाताने ठसे कोरत. मी तेथे देखरेखीला होतो. डोळे शेवटी उघडायचे आणि पहिल्या नजरेसमोर उभे राहायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत. उंटांच्या शर्यतीचे पदक असले तरी ती चुकत नसे.

“उंटालाही?” मी एकदा विचारले.

“डोळा उंटालाबी असतोय की.”

मालक दारातून ओरडत, “यल्ला मिस्त्री, खलास करो!” मिस्त्री मान हलवत आणि त्याच संथपणे कोरत राहत.

एका प्रदर्शनात मुलांच्या हातून प्राचीन ग्रीक नाणी पाडून घ्यायची होती. ठशांचे काम आमच्याकडे आले. पद्धत जुनीच ठेवायची होती. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यात अथेना देवीचा चेहरा. वरचा हातात धरायचा, त्यात तिचे घुबड. मध्ये तापवलेली चांदीची चकती आणि वरून हातोड्याचा घाव. मार वरचा ठसा खातो, म्हणून तो लवकर तडकतो. चेहरा मागे उरतो. मुलांसाठी आम्ही चांदीऐवजी मऊ कथील घेतले. ते तापवावे लागत नाही.

त्या काळी प्रत्येक नगर आपले दैवत नाण्यावर घाली. परक्या बंदरात माणसाचे गाव त्याचे नाणे सांगे. कारखान्यापासून फार दूर नाही अशा वाळवंटातही ग्रीक नाण्यांच्या जुन्या नकला सापडल्या आहेत. इथल्याच कारागिरांनी त्या कोरल्या, आणि परके दैवत कोरता कोरता त्यांचा स्वतःचा हात त्यात उतरला. हे मी मिस्त्रींना सांगितले.

“उतरणारच,” ते म्हणाले. “हात कुठं ठिवून येणार माणूस?”

अथेनाच्या त्या नाण्यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. चेहरा एका बाजूने दिसतो, पण डोळा समोरून कोरलेला असतो. तो सरळ पाहणाऱ्याकडे पाहतो. तो कोरायची वेळ आली. मी सवयीने सरकलो. मिस्त्री सरकले नाहीत. छिन्नीचा शेवटचा घाव घालून ते ठशासमोर तसेच उभे राहिले.

मी मूळ नाण्याच्या नमुन्याशी ताडून पाहिले. “नाक जुळत नाही, मिस्त्री.”

“न्हाई जुळायचं. आमच्या हिचं हाय.”

त्यांची पत्नी आदल्या वर्षी गावी वारली होती. ते पोहोचले तेव्हा सगळे उरकले होते.

“फोटो असतील,” मी म्हणालो.

“हाईत की. लग्नाच्या फोटूत खाली बघती. बाकीच्यात पोरांकडं.”

नाक मी तसेच राहू दिले. प्रदर्शनात कोणाच्या लक्षात आले नाही. आपणही नाण्यावरचा चेहरा कितीदा नीट पाहतो? फक्त जुमेरा लेक टॉवर्समधून आलेल्या एका मराठी कुटुंबातील मुलीने नाणे परत टेबलावर ठेवले. आई म्हणाली, “घे ना, तूच पाडलंस.” मुलगी म्हणाली, “नो, ममा. शी इज लुकिंग ॲट मी.”

काम संपले की ठसा बाद करायचा, हा आमच्या धंद्याचा नियम. छिन्नीने चेहऱ्यावर आडवी रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कोणी नकला काढू शकत नाही. ते माझ्यादेखत व्हावे लागे. मी छिन्नी उचलली. मिस्त्रींनी ती माझ्या हातून घेतली.

“रेघ गालावरनं चालंल न्हवं?”

नियमात रेघ होती. ती कोठून जावी हे नव्हते. “चालेल,” मी म्हणालो.

“मग डोळा सोडतो. तुम्ही बाजूला सरा, साहेब.”

मी सरलो. ते समोर उभे राहिले. एकच घाव घातला आणि हात पुसला. 

त्याच वर्षी ते काम सोडून गावी गेले. पुढे ते वारल्याचे कळले. बाद ठशाला कोणी विचारत नाही; निवृत्त होताना मी तो मागून घेतला. आता तो अल रीम आयलंडवर, मुलाच्या घरी, माझ्या खोलीतील फळीवर आहे. आत कोरलेला चेहरा उजेड बदलला की बाहेर आल्यासारखा दिसतो. गालावर रेघ आहे. आपण चालू लागलो की डोळा आपल्यामागे वळतो.

तिने ज्याच्याकडे पाहावे म्हणून तो कोरला, तो माणूस येथे नाही. खोलीत मी असतो. फळीजवळून जाताना मी बाजूला सरतो.