विमावाल्या काकूंचं म्हणणं

बोलायच्या आधी काकू खांद्यावरचा पदर नीट करत, घसा खाकरत आणि म्हणत, "यांचं म्हणणं असं आहे की..." हे म्हणजे त्यांचे यजमान. ते त्या वेळी तिथे कधीच नसत. एकतर कारखान्यात मशीनपुढे उभे असत, नाहीतर घरी पालथे पडून घोरत असत. त्यांचं म्हणणं मात्र काकूंबरोबर कॉलनीभर हिंडे.

आता हे नीट समजून घ्या. काका सरकारी कारखान्यात, आणि सरकारी नोकराला दुसरा धंदा करायची बंदी. म्हणून विम्याची एजन्सी काकूंच्या नावावर. अशा सहीपुरत्या एजंटबाया तेव्हा जबलपुरात गल्लोगल्ली होत्या. तुमच्याही ओळखीत एखादी असेल. पुढे लढाई लागली, कारखान्यात डबल शिफ्ट सुरू झाली आणि काकांना धड जेवायलाही फुरसत मिळेना. तेव्हा काकूंनी एके दिवशी फॉर्मांची पिशवी उचलली आणि स्वतःच निघाल्या. नियम सगळे तोंडपाठ. पण बाईमाणसाचं कोण ऐकून घेतं? म्हणून "यांचं म्हणणं".

आमच्याकडे त्या आल्या गाडीपायी. बाबांनी एका रिटायर साहेबांची जुनी मोटार घेतली होती. तेही कारखान्यात ओव्हरटाइमला जुंपलेले, त्यामुळे गाडी अंगणात धूळ खात पडलेली. मी एकोणीस वर्षांची, नवंकोरं लायसन्स हातात, आणि ती गाडी चालवायला जीव नुसता तळमळत होता. बाबांची अट एकच होती. "एक ओरखडा आला की चावी माझ्या खिशात. कायमची!"

फॉर्मात एक रकाना होता: गाडी आणखी कोण चालवणार, त्याचं वय काय. बाबांनी तिथे सरळ रेघ मारली.

"नाव माझं लिहायचं, चालवेल ही. पोरीचं नाव टाकलं की हप्ता वाढते. कोण पाहून राहिलं?"

काकूंनी चहाची बशी खाली ठेवली. "यांचं म्हणणं असं आहे की, जो चालवते त्याचंच नाव लिहावं."

"त्यांना सांगा, मी पाहून घेईन."

"पाहाल हो. पण नाव एकाचं अन् काम दुसऱ्याचं असलं ना भाऊजी, तर काम करणारं माणूस कोणाच्या खिजगणतीतच नसते." मग जरा दचकून त्यांनी पुस्ती जोडली, "म्हणजे, असं यांचं म्हणणं आहे."

बाबांना त्यातलं काय कळलं देव जाणे. अर्धा तास हुज्जत चालली. शेवटी काकूंनी पेनाला टोपण लावलं आणि "मग मी सही नाही करत" म्हणून उठल्याच. बाबांनी हात टेकले. त्या रकान्यात माझं नाव पडलं आणि मी ते तीनदा वाचलं.

पंधराच दिवसांत मी गाडी खंदकात घातली.

हसू नका. विमानं आली तर लपायला म्हणून कॉलनीच्या कमिटीनं मैदानाच्या कडेला खंदक खणला होता. त्यात तोवर शेळ्यांशिवाय कोणी उतरलं नव्हतं. भर दुपारी गाडी मागे घेताना माझं मागचं चाक आत गेलं आणि बोनेट आभाळाकडे. बाबा आले, काठावर उभे राहिले आणि हात पुढे केला. "चावी." मी रडत रडत दिली.

कंपनीचा माणूस नुकसान पाहायला आला. त्यानं आधी विचारलं, "गाड़ी चला कौन रहा था?" काकूंनी फॉर्मावर माझ्या नावाखाली बोट ठेवलं. त्यानं ते टिपून घेतलं. मग खंदकाकडे पाहून म्हणाला, "लेकिन बहनजी, खंदक यानी युद्ध. युद्ध का नुकसान पॉलिसी में नहीं आता."

मी म्हटलं, संपलं सगळं.

काकूंनी पदर नीट केला. "भैया, इनका कहना है कि खंदक दुश्मन ने नहीं, हमारी कमेटी ने खोदा है. आज तक उसमें एक बम नहीं गिरा. गिरी तो बस ये लड़की."

तो माणूस खाली मान घालून कितीतरी वेळ लिहीत राहिला, खांदे हलत होते. क्लेम पास झाला!

बाबा खूश. पुढच्या रविवारी सकाळी ते दीक्षितपुऱ्यातून खोव्याच्या जिलबीचा पुडा घेऊन आले आणि मला सोबत घेऊन काकांचे आभार मानायला गेले. काका बनियनवर बसले होते.

"तुमचं म्हणणं ऐकलं म्हणून वाचलो!" बाबा म्हणाले.

काका घाबरलेच. "माझं म्हणणं? काहून, मी काय म्हणलो? दोन महिने झाले, मी जेवण अन् जांभईशिवाय तोंड उघडलं नाही!"

आम्ही सगळेच काकूंकडे वळलो. स्वयंपाकघराच्या दारात त्या उभ्या होत्या.

"मीच म्हणाले," त्या हळूच बोलल्या. "सगळं मीच."

बाबांनी खिशातून चावी काढून माझ्या हातात दिली. मग काकांपुढे धरलेला पुडा मागे घेतला आणि दोन्ही हातांनी दारापाशी नेला. "वहिनी, मग हा तुमचा."

काकूंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या कॉलनीत त्यांना ओळखणारंही कोणी उरलं नाही. मला मात्र त्यांची फार आठवण येते, आणि येते ती त्या सकाळचीच: नवरा अजून "काय झालं, काय झालं" विचारतोय, बाबा हात जोडून उभे आहेत, आणि काकूंनी पुड्याची दोरी सोडून, कोणालाही न विचारता, पहिली जिलबी स्वतःच्या तोंडात घातली आहे.